शाळेतील कोरोनाबाधितांचा आकडा कसा तयार होतो? गोंदिया जिल्ह्याच्या निमित्ताने समजून घेऊया

कोरोनाच्या काळात ‘अमुक शाळेत इतके विद्यार्थी पॉझिटिव्ह’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर मिनिटात गावभर फिरत. त्यामागोमाग दोन मागण्या येत. काही पालक म्हणत, शाळा ताबडतोब बंद करा. काही म्हणत, उगाच घाबरवताय, शाळा सुरूच ठेवा. मात्र तो आकडा कसा आला, कोणाची तपासणी झाली आणि कोणाची झालीच नाही, हे बहुतेक मेसेजमध्ये नसे.

थोडक्यात
• शाळेत आढळलेले रुग्ण म्हणजे शाळेतूनच बाधित झालेले रुग्ण नव्हेत.
• पॉझिटिव्ह किती, याइतकेच महत्त्वाचे असते ते म्हणजे तपासले किती आणि का तपासले.
• एकदा केलेली चाचणी ही त्या दिवसाची स्थिती सांगते. तिला देखरेख म्हणत नाहीत.
• रोजची हजेरी आणि गैरहजेरीचे कारण ही शाळेतील सर्वात स्वस्त देखरेख आहे.

गोंदिया जिल्ह्याचे चित्र वेगळे का?

गोंदिया हा राज्याच्या पूर्व टोकाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार, त्यातील ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमा जिल्ह्याला लागून आहेत.

शाळेतील संसर्गावर लक्ष ठेवताना यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, सीमेपलीकडची रोजची ये-जा. दुसरी, तालुक्याच्या गावी किंवा शहरात राहून खेड्यातल्या शाळेत ‘अपडाऊन’ करणारे शिक्षक. तिसरी, देवरी, सालेकसासारख्या आदिवासी भागातील आश्रमशाळा, जिथे मुले एकाच आवारात शिकतात, जेवतात आणि झोपतात. दिवसाच्या शाळेतील मूल पाच-सहा तासांनी घरी जाते, आश्रमशाळेतील मूल तिथेच असते. त्यामुळे एकच नियम दोन्हीकडे सारखा चालत नाही.

सुरुवातीला गोंदियातील नमुने तपासणीसाठी नागपूरला जात. पुढे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच आरटी-पीसीआर प्रयोगशाळा सुरू झाली. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागले, तर तेवढे दिवस बाधित व्यक्ती वर्गात असू शकते. म्हणून प्रयोगशाळा जवळ असणे ही देखरेखीची पहिली गरज असते.

शाळा कधी बंद, कधी सुरू?

मार्च २०२० च्या मध्यात राज्यातील शाळा बंद झाल्या. त्यानंतरचे मुख्य टप्पे असे:

• २३ नोव्हेंबर २०२०: नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाकडे.
• २७ जानेवारी २०२१: पाचवी ते आठवी.
• एप्रिल २०२१: दुसऱ्या लाटेत दहावीची परीक्षा रद्द. पुढे जूनमध्ये बारावीचीही रद्द.
• १५ जुलै २०२१: कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी.
• ४ ऑक्टोबर २०२१: ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरी भागात आठवी ते बारावी.
• १ डिसेंबर २०२१: पहिलीपासूनचे वर्ग. काही शहरांत ते थोडे उशिरा उघडले.
• जानेवारी २०२२: ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून सुरू.

म्हणजे खेड्यातील पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शाळेचे दार जवळपास वीस महिने बंद होते. आकडा चुकीचा वाचला गेला, तर त्याची किंमत याच मुलांनी मोजायची असते. तो लपवला गेला, तर घरातील आजी-आजोबांनी.

शिक्षकांची तपासणी झाली, मुलांची का नाही?

नोव्हेंबर २०२० मध्ये शाळा उघडण्याआधी सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी १७ ते २२ नोव्हेंबर या काळात आरटी-पीसीआर चाचणी करावी, असा शासनाचा आदेश होता. विद्यार्थ्यांना चाचणीची सक्ती नव्हती. त्यांच्यासाठी पालकांचे लेखी संमतीपत्र आणि शाळेच्या दारात तापमानाची तपासणी होती.

त्या आठवड्यात राज्यभरातून शिक्षक बाधित आढळल्याच्या बातम्या आल्या. अनेकांनी त्याचा अर्थ ‘शाळा उघडताच शिक्षक बाधित’ असा लावला. प्रत्यक्षात त्या चाचण्या वर्ग भरण्याआधीच्या होत्या. ते शिक्षक घरी, बाजारात, प्रवासात किंवा कोविडच्या कामावर असताना बाधित झाले होते. शिवाय १८ तारखेला निगेटिव्ह आलेला शिक्षक २५ तारखेला बाधित होऊ शकतो. चाचणीचा उपयोग शाळा सुरू होताना बाधित व्यक्ती आत येऊ नये एवढाच होता. तीच एकदा करून थांबले, तर पुढच्या आठवड्याबद्दल काहीच कळत नाही.

शिक्षकांच्या नोंदीला आणखी एक बाजू होती. अनेक शिक्षकांना सर्वेक्षण, तपासणी नाके आणि विलगीकरण केंद्रांवर नेमले गेले. कोविड कर्तव्यावर मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५० लाखांचे विमाकवच शासनाने जाहीर केले होते. त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत संबंधित कर्मचारी कामावर हजर असल्याचे दाखवावे लागे. अशा वेळी हजेरीपटावरची एक नोंद एखाद्या घरासाठी निर्णायक ठरू शकते.

गावपातळीवर जबाबदारी कोणाची होती?

जुलै २०२१ च्या आदेशात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची होती. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांचा त्यात समावेश होता. गावात किमान एक महिना एकही रुग्ण नसणे ही मुख्य अट. विद्यार्थी बाधित आढळल्यास शाळा तात्काळ बंद करून निर्जंतुकीकरण करायचे होते.

देखरेखीच्या दृष्टीने ही अट दुधारी होती. एक रुग्ण सापडला की शाळा बंद होणार, हे ठाऊक असेल तर ताप आलेल्या मुलाची तपासणी करून घ्यायला पालक, शिक्षक, गाव सगळेच कचरतात. नोंद करणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर नोंदी कमी होतात, आजार नाही.

शाळेतून माहिती वर जाण्याचे दोन रस्ते असतात. शिक्षण विभागात वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी अशी साखळी. आरोग्य विभागात आशा सेविका, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. हे दोन रस्ते गावातच जोडले गेले, म्हणजे आज चार मुले तापाने आली नाहीत हे आशाताईंना त्याच दिवशी कळले, तर उपाय वेळेत होतो. दोन्ही रस्ते जिल्ह्याला पोहोचून मग जुळले, तर आठवडा गेलेला असतो.

आकड्यामागचे गणित

समजा, एका शाळेत ताप-खोकला असलेल्या ४० जणांची तपासणी झाली आणि ४ बाधित निघाले. प्रमाण १० टक्के. दुसऱ्या शाळेत सरसकट ४०० जणांची तपासणी झाली आणि तिथेही ४ बाधित निघाले. प्रमाण १ टक्का. दोन्हीकडे बातमी एकच असेल: ‘शाळेत चार पॉझिटिव्ह’. मात्र पहिल्या शाळेत ज्यांना लक्षणे नाहीत त्यांच्याबद्दल अजून काहीच माहीत नाही.

चाचणीचा प्रकारही महत्त्वाचा. जून २०२० मध्ये रॅपिड अँटिजेन चाचणीला परवानगी देताना आयसीएमआरने तिची बाधित ओळखण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के असल्याचे नमूद केले होते. म्हणजे १० बाधितांपैकी साधारण ५ ते ८ सापडतात, बाकीचे सुटतात. म्हणूनच लक्षणे असून अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करावी, असा नियम होता.

मुले बाधित झाली, पण शाळेतच का?

आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या सिरो सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. या मुलांचे तेव्हा लसीकरण सुरूच झाले नव्हते. म्हणजे प्रतिपिंडे आली ती संसर्गातून. लहान मुलांचे वर्ग तर देशात बहुतेक ठिकाणी बंदच होते. शाळा बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता आणि यातील बहुतेकांची कधी चाचणीच झाली नव्हती. या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली हे जिल्हे होते. गोंदिया नव्हता. त्यामुळे ही टक्केवारी गोंदियाची म्हणून सांगणे चूक ठरेल.

निवासी शाळांत मात्र संसर्ग वेगाने पसरल्याची उदाहरणे राज्यात आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. डिसेंबर २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयातही अनेक विद्यार्थी बाधित निघाले. गोंदियातील आश्रमशाळांसाठी धडा इथे आहे. रुग्ण सापडला की सगळ्या मुलांना घरी पाठवणे सोपे वाटते, पण तपासणीविना पाठवलेले मूल दूरच्या पाड्यावर पोहोचले की त्याच्यावर लक्ष ठेवणे कठीण होते आणि संसर्ग घरात जातो. आधी तपासणी, मग वेगळे ठेवणे, मग निर्णय हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमध्ये ८ मार्च २०२१ पासून शाळा उघडल्यावर माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून दोनदा जलद चाचणीची सोय होती. सोबत निवडक शाळांत लक्षणे नसलेल्यांचेही नमुने ठरावीक फेऱ्यांत घेतले जात. जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात प्राथमिक शाळांतील मुले कापसाचा बोळा अर्धा मिनिट चोखत. वर्गातील सर्वांचे बोळे एकत्र तपासले जात आणि एकत्रित नमुना पॉझिटिव्ह आला तरच स्वतंत्र तपासणी होई. भारतातही एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने कमी संसर्गाच्या भागात पाचपर्यंत नमुने एकत्र तपासण्यास मान्यता दिली होती. पण आठवड्याला दोनदा अशी तपासणी करायला लागणारे किट, मनुष्यबळ आणि प्रयोगशाळा ग्रामीण जिल्ह्याला सहज परवडत नाहीत.

मग जिल्ह्याच्या हाती काय उरते?

हजेरीपट. वर्गात रोज किती मुले गैरहजर असतात, हे शिक्षकाला ठाऊक असते. धानाच्या रोवणीत आणि कापणीत गैरहजेरी वाढते, हेही त्याला माहीत असते. म्हणून केवळ संख्या पुरेशी नाही, कारणही लिहावे लागते: शेतीचे काम, लग्न, ताप. एकाच वर्गात ‘ताप’ हे कारण दोन-तीन दिवसांत तीन-चारदा आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायला कोणत्याही किटची गरज लागत नाही. मलेरिया, डेंग्यू किंवा गोवरासाठीही हीच पद्धत उपयोगी पडते.

‘शाळेत इतके पॉझिटिव्ह’ असा मेसेज पुन्हा कधी आला, तर पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. तपासले किती जणांना? कोणत्या चाचणीने? लक्षणे होती म्हणून, की सरसकट? आणि तारीख कोणती? उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावरून शाळा बंद करावी की सुरू ठेवावी, यातले काहीच ठरवता येत नाही.