गंजाची करामत

लोखंडाला गंज चढला कीं आपण कपाळाला आठ्या घालतों. आज त्या गंजाची थोडी तरफदारी करावयाची आहे.

बंगालच्या खेड्यांतील लोक पूर्वी तळ्यांचें पाणी पीत आणि पटकीनें मरत. म्हणून १९७० नंतर तेथें गांवोगांव कूपनलिका खोदण्यांत आल्या. हेतु निर्मळ, पाणीहि दिसावयास निर्मळ! परंतु हिमालयांतून नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळांत सोमल दडलेला होता. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानेंहि तो जात नाहीं. रोग्यांच्या तळहातांवरील घट्टे व अंगावरील डाग ह्यांचें मूळ कूपनलिकेंत आहे, हें कलकत्त्याचे डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनीं १९८३ च्या सुमारास ओळखलें.

उपाय मात्र जुन्या विद्येंतच होता. १८८९ च्या सुमारास लंडनमध्यें विल्यम वेबस्टर यांनीं लोखंडी पत्र्यांतून वीज सोडून गटाराचें पाणी निवळून पाहिलें होतें. पाण्यांत पत्रे उभे करून मंद प्रवाह सोडला कीं लोखंड विरघळतें, प्राणवायूशीं संयोग पावतें आणि त्याचा सूक्ष्म गंज बनतो. सोमल त्या गंजाला चिकटतो व दोघेहि तळाशीं बसतात. मग नुसते खिळे टाकून कां भागूं नये? तो गंज आपल्या मर्जीनें चढतो. येथें फॅरडे यांच्या १८३४ च्या नियमाप्रमाणें जेवढी वीज तेवढें लोखंड, असा चोख हिशेब राहतो.

मुंबईंत जन्मलेले व अमेरिकेंत बर्कले येथें संशोधन करणारे अशोक गाडगीळ यांनीं जादवपूर विद्यापीठाच्या साहाय्यानें हीच युक्ति सोमलावर चालविली. दक्षिण चोवीस परगण्यांत धपधपी येथील शाळेंत २०१६ मध्यें रोज १०,००० लिटर पाणी शुद्ध करणारें यंत्र सुरू झालें. लिटरमागें सुमारें २५० मायक्रोग्रॅम सोमल असलेलें पाणी तेथें ५ च्याहि खालीं आलें; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० ची आहे. गाळ बसविण्यास आपल्या आजीबाईंची तुरटीच वापरतात!

बंगालमध्यें पूर्वी बसविलेलीं अशीं कित्येक यंत्रें देखभालीवांचून बंद पडलीं होतीं. पत्रे झिजतात, टाक्या धुवाव्या लागतात. त्याला रोज हजर राहणारा माणूस हवा आणि त्याचा पगारहि. म्हणून विद्यार्थ्यांना पाणी फुकट व उरलेलें गांवाला अल्प मोलानें, अशी योजना ठेवली. सोमलयुक्त गाळ मात्र मागें उरतोच. तो काँक्रीटमध्यें कोंडण्याचे प्रयोग झाले आहेत. तळ्याकांठीं टाकला, तर पहिल्या पावसांत तो पुन्हां पाण्यांत उतरेल.