थंडी, तपकिरी चरबी आणि मधुमेह

जानेवारीत मिरजेचा पारा पहाटे चौदा-पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. कृष्णाघाटाकडे फिरायला निघालेल्यांत मधुमेही मंडळींची संख्या लक्षणीय असते. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाल्यापासून वैद्यकीय गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात आजारांविषयीची चर्चाही घाटावरच रंगते. 'थंडीत फिरले की चरबी जळते आणि साखर उतरते' हे वाक्य अलीकडे तिथे हमखास कानावर पडते. त्यात तथ्य आहे, पण ऐकणाऱ्याला वाटते तितके आणि तसे नाही.

आपल्या शरीरात दोन प्रकारची चरबी असते. पोटावर साठते ती पांढरी. तिचे काम ऊर्जेची साठवण. दुसरी तपकिरी. तिच्या पेशींत तंतुकणिका दाटीने भरलेल्या असतात आणि त्यांतील लोहामुळे तिला तो रंग येतो. इतर पेशींत अन्नाच्या ज्वलनातून मिळणारी शक्ती पेशीच्या कामासाठी राखून ठेवली जाते. तपकिरी पेशीत मात्र 'यूसीपी-१' नावाचे प्रथिन ती साखळी मध्येच सोडवते आणि सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्वचेला गारवा जाणवला की मेंदूतून चेतातंतूंद्वारे संदेश येतो, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते आणि ही शेगडी पेटते. इंधन म्हणून ती प्रथम स्वतःतील मेद वापरते, मग रक्तातील स्निग्धाम्ले आणि साखर ओढून घेते.

तान्ह्या बाळांत ही चरबी पाठीवर व मानेशी असते आणि त्यांना थंडीपासून वाचवते, हे जुने ज्ञान. मोठ्या माणसांत ती उरत नाही, असे मात्र दीर्घकाळ मानले जाई. २००९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन शोधनिबंधांनी हा समज मोडला. पेट स्कॅनमध्ये प्रौढांच्या मानेत, गळ्याच्या हाडावर आणि कण्याच्या बाजूने ती कार्यरत दिसली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासण्या चाळल्या. तपकिरी चरबी दिसलेल्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के, न दिसलेल्यांत ९.५ टक्के आढळले. हा केवळ संबंध झाला. चरबीमुळे मधुमेह टळला की मधुमेहामुळे चरबी मंदावली, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही.

आता प्रत्यक्ष मधुमेहींकडे वळू. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, बहुतेक दिवशी सहा तास, १४-१५ अंशांच्या खोलीत बसवण्यात आले. त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे ४३ टक्क्यांनी सुधारली. हाच आकडा पुढे जगभर फिरला. मात्र या सुधारणेत तपकिरी चरबीचा वाटा नगण्य होता. साखर ओढून घेतली ती प्रामुख्याने स्नायूंनी. त्याच वर्षी कॅनडातील अभ्यासात मधुमेहींची तपकिरी चरबी थंडीत स्निग्धाम्ले नीट वापरते, पण साखर कमी उचलते, असे दिसले. पुढे, २०२१ मध्ये, मास्ट्रिख्टच्याच गटाने थोड्या कमी गारव्यात, रुग्णांना अजिबात हुडहुडी भरू न देता प्रयोग केला, तेव्हा इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारलीच नाही. २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींना दहा दिवस रोज किमान तासभर हुडहुडी भरेल इतके थंड ठेवले, तेव्हा साखर पचवण्याची क्षमता पुन्हा सुधारली. एकूण कल स्नायूंच्या बाजूने आहे. श्रेय चरबीला मिळाले आणि काम कुडकुडण्याने केले, असे म्हणावे लागते.

आपल्यासाठी यात आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून असा असतो. २०१४ मध्ये लायडेन येथे दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांत तपकिरी चरबीचे आकारमान गोऱ्या तरुणांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी भरले. मात्र त्यापूर्वीच्या एका डच अभ्यासात असा फरक दिसला नव्हता, आणि दोन्हींतील माणसे मोजकीच होती. देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. त्या मानाने हा प्रश्न आपल्याकडे फारच थोड्या स्कॅनवर तोलला गेला आहे.

मिरजेच्या पहाटेचे तापमान मास्ट्रिख्टच्या खोलीशी जुळते हे खरे. पण ती खोली सहा तास तशीच राहते, माणूस अंगावर पातळ कपडे घालून स्वस्थ बसलेला असतो आणि शेजारी डॉक्टर असतो. येथे नऊ-दहा वाजता ऊन चढते आणि घाटावरच्या प्रत्येकाच्या अंगात स्वेटर व डोक्याला मफलर असतो. फिरण्याचा लाभ होतो तो चालण्याने. त्यासाठी स्वेटर उतरवण्याचे कारण नाही.

उलट धोके नेमके मधुमेहींनाच अधिक. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्यांना हे झेपत नाही. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी निघालेल्याला साखर घसरल्याने थरथर सुटते आणि तो ती थंडीचीच समजतो. अशा वेळी खिशात साखर असावी. घाम फुटला, डोके हलके झाले तर ती लगेच खावी. चेतातंतू बधिर झालेल्या पायांना गारवा कळत नाही आणि परतल्यावर शेकोटीची धगही कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले तळवे मधुमेहींत थंडीच्या दिवसांतली नेहमीची तक्रार आहे. पाण्याचा गरमपणा पायाने न पाहता कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने पाहावा आणि रात्री सुती मोजे घालावेत.