बेइमान कोण? हार्दिकचा सौदा आणि बडोद्याची ५७७

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी जुन्या जालन्यातल्या चहाच्या हॉटेलांत एकच वाद होता : हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबई इंडियन्सकडे परत येणार की नाही? २६ तारखेला गुजरातने कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव आलं. 'अफवाच होती' म्हणणाऱ्यांनी खुशीत चहा मागवला. दुसऱ्याच दिवशी सौदा जाहीर झाला! १५ डिसेंबरला मुंबईने पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्यालाच कर्णधार केलं आणि 'बेइमान' हा शब्द सर्रास ऐकू येऊ लागला.

या शब्दापाशी भाषाशिक्षकाला थांबावंच लागतं. अरबी-उर्दूत 'ईमान' म्हणजे मुख्यतः श्रद्धा. मराठीने त्याचं 'इमान' केलं आणि त्याला निष्ठेकडे वळवलं. मराठीतला बेइमान धर्म सोडणारा नसतो, खाल्ल्या मिठाला न जागणारा असतो. म्हणजे प्रश्न चाकरीचा आहे. मग खेळाडूंच्या चाकरीचा इतिहासही पाहू या.

२००९ मध्ये बेंगळुरूने आपला जहीर खान मुंबई इंडियन्सला दिला आणि बदल्यात रॉबिन उथप्पा घेतला. श्रीरामपूरचा हा पोरगा त्याआधी रणजीतही बडोद्याकडून मुंबईकडे आला होता, आणि २००६-०७ चा रणजी करंडक मुंबईने जिंकला. पुढे तो पुन्हा बेंगळुरूला, पुन्हा मुंबईला, मग दिल्लीला गेला. त्याला कुणी बेइमान म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत आधी चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट', म्हणजे उरलेले. तिथे संघ जन्मानेच ठरायचा. सौदा नाही, अफवा नाही, संघ बदलण्याची सोयच नाही. निष्ठेची एवढी पक्की व्यवस्था दुसरी कुठली असेल? १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला, तरी गर्दी हटली नाही. १९४६ नंतर मात्र ते बंद पडले.

त्याच काळात संस्थानिक खेळाडूंना नोकरी देऊन आपल्याकडे आणत. इंदूरच्या होळकरांकडे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होते. बडोद्याच्या गायकवाडांकडे सांगलीचे विजय हजारे होते. ते ख्रिस्ती, म्हणून पंचरंगीत 'रेस्ट'कडून खेळत. बडोद्याकडेच लाहोरचे गुल मोहम्मदही होते. ते पंचरंगीत मुस्लिम संघात. मुंबईत एकमेकांविरुद्ध असलेले हे दोघे मार्च १९४७ मध्ये बडोद्यात होळकरांविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात एकत्र उभे राहिले. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८, भागीदारी ५७७. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही सर्वात मोठी भागीदारी २००६ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. आणि वर्ष कोणतं? ज्या वर्षी माणसं धर्मावरून घरंदारं सोडत होती, तेच.

पैशाचा बाजार मलाही फारसा आवडत नाही. लिलावात माणसावर बोली लागते, ते पाहवत नाही. पण सौद्याला निदान खेळाडूचा होकार लागतो. पंचरंगीत त्याला कुणी विचारतही नव्हतं.

हार्दिकला २०२४ च्या मोसमात अहमदाबादेत आणि वानखेडेवर दोन्हीकडे हुर्यो ऐकावी लागली. मुंबई तळाला राहिली. २९ जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्याने टाकलं, भारत सात धावांनी जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला.

गुल मोहम्मद मात्र पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. त्याआधी ते भारताकडून आठ कसोटी खेळले होते.