वारसदारांची वाट: टेनिसमधील वर्चस्वाच्या अभ्यासाला प्रस्तावना

२००३च्या विम्बल्डनपासून २०२३च्या अमेरिकन ओपनपर्यंत पुरुष एकेरीच्या ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यांतल्या ६६ रॉजर फेडरर, राफाएल नदाल आणि नोव्हाक जोकोविच या तिघांनी जिंकल्या. उरलेल्या पंधरांपैकी १९९०च्या दशकात जन्मलेल्यांच्या वाट्याला किती आल्या? दोन. २०२०ची अमेरिकन ओपन डॉमिनिक थीमने जिंकली आणि २०२१ची दानिल मेदवेदेवने. त्यातही थीमच्या वेळी फेडरर आणि नदाल स्पर्धेत नव्हते, आणि जोकोविच चौथ्या फेरीत लाइन जजला चेंडू लागल्यामुळे अपात्र ठरला होता. एका अख्ख्या दशकात जन्मलेले, लहानपणापासून अकादम्यांत घडलेले खेळाडू आणि त्यांच्या हाती दोन करंडक. असे का झाले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या प्रश्नाचे तयार उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. नव्या पोरांत दम नाही, मोक्याच्या क्षणी ती कच खातात, जुन्या खेळाडूंचे मन पोलादी. हे उत्तर मला पटत नाही. मन महत्त्वाचे असतेच. पण सामना संपल्यावर जो जिंकला त्याचे मन खंबीर ठरवायचे आणि मग त्या खंबीरपणामुळेच तो जिंकला म्हणायचे, हा युक्तिवाद आपल्याच शेपटीमागे फिरतो. शिवाय इतिहासाची साक्ष वेगळी आहे. मॅट्स विलॅंडरने १९८२मध्ये, बोरिस बेकरने १९८५मध्ये आणि मायकेल चँगने १९८९मध्ये ग्रँड स्लॅम जिंकले तेव्हा तिघेही सतरा वर्षांचे होते. ब्यॉर्न बोर्गने तर वयाच्या २६व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. त्या काळी तरुणांचे धैर्य जास्त होते आणि नंतर ते आटले, असे मानायला काहीच आधार नाही. बदलली ती परिस्थिती, आणि परिस्थितीचा अभ्यास करता येतो.

अभ्यासाला सुरुवात गणितापासून करावी, कारण तिथे गैरसमज सर्वांत मोठा आहे. २०२४मध्ये डार्टमथच्या पदवीदान समारंभात फेडररने सांगितले, की कारकिर्दीतले जवळपास ८० टक्के सामने त्याने जिंकले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. गुणांमधली इतकीशी आघाडी सामन्यांत एवढी मोठी होते, कारण टेनिसची गुणपद्धतच तशी आहे. गुणांचा गेम, गेमचा सेट, सेटचा सामना, आणि प्रत्येक पायरीवर वरचढ खेळाडूची बाजू आणखी भक्कम होत जाते. समजा, एक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. तीन सेटच्या सामन्यात ती सुमारे ६५ टक्के होते आणि पाच सेटच्या सामन्यात ६८. एका सामन्यात हा फरक किरकोळ वाटतो. पण ग्रँड स्लॅमसाठी असे सात सामने जिंकावे लागतात. आपल्याकडे बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात एटीपी स्पर्धा झाली, ती तीन सेटची. तिथे मानांकित खेळाडू पहिल्या-दुसऱ्या सामन्यात हरला तर फारसे कुणाला नवल वाटत नसे. पाच सेटमध्ये अनुभवी खेळाडूला वाईट सुरुवात परवडते. २०२१च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात स्टेफानोस त्सित्सिपास दोन सेटने पुढे होता. २०२२च्या विम्बल्डनच्या उपउपांत्य सामन्यात वीस वर्षांचा यानिक सिनर दोन सेटने पुढे होता. दोघेही जोकोविचकडून हरले. तीन सेटचा सामना असता, तर ते केव्हाच जिंकून टॉवेल गुंडाळत असते.

मनाचा प्रश्न सांख्यिकीच्या कसोटीवर घासून पाहणाऱ्यांत फ्रांक क्लासन आणि यान माग्नुस या डच अर्थमितिज्ञांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. विम्बल्डनमधले सुमारे ९० हजार गुण तपासून त्यांनी २००१मध्ये दाखवले, की आधीच्या गुणाचा पुढच्या गुणावर आणि गुणाच्या महत्त्वाचा निकालावर परिणाम होतो, पण तो बेताचाच. मला मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढचा निष्कर्ष: खेळाडू जितका कमकुवत, तितका हा परिणाम जास्त. म्हणजे अव्वल खेळाडू मोक्याच्या गुणाला काही अलौकिक करतो असे नाही. तो नेहमीसारखाच खेळतो; समोरच्याला तेवढे जमत नाही. गोल्फमध्ये जेनिफर ब्राउन यांनी टायगर वुड्सच्या हजेरीत इतरांची कामगिरी घसरते असे मांडले; पुढे इतर संशोधकांनी त्यावर शंका घेतली. हा वाद अजून जिवंत आहे आणि नव्या अभ्यासकांना त्यात भरपूर वाव आहे.

साधने आणि पैसा यांबद्दल थोडक्यात. लाकडी रॅकेट जाऊन ग्रॅफाइट आले, तेव्हा जुन्यांची सवय हीच त्यांची अडचण झाली आणि तरुणांना वाट मिळाली. पॉलिएस्टर तारांनंतर तेवढी मोठी उलथापालथ झालेली नाही. २००१पासून ग्रँड स्लॅममध्ये ३२ मानांकने आली, त्यामुळे अव्वल खेळाडूंची पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांशी गाठच पडत नाही. आणि बक्षिसाच्या रकमेतून विजेता स्वतःचा फिजिओ, ट्रेनर, विश्लेषक बाळगतो, तर क्रमवारीत शंभराच्या आसपास असलेला मुलगा पुढच्या आठवड्याच्या तिकिटाचा हिशेब करत असतो.

पण माझ्या मते खरी मेख आणखी एका ठिकाणी आहे: विजेता थांबलेला नसतो. तरुण खेळाडू त्याच्याकडून शिकतो हे सगळे सांगतात. तो तरुणांकडून किती शिकतो, हे फार कमी लोक पाहतात. २०२१च्या अमेरिकन ओपनमध्ये मेदवेदेवने जोकोविचला ६-४, ६-४, ६-४ असे हरवून त्याचे एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकण्याचे स्वप्न मोडले. मेदवेदेव सर्व्हिस घ्यायला बेसलाइनच्या खूप मागे उभा राहतो आणि रॅली लांबवून प्रतिस्पर्ध्याला थकवतो. दोन वर्षांनी त्याच कोर्टवर, त्याच अंतिम फेरीत ३६ वर्षांचा जोकोविच सर्व्हिस करून थेट नेटकडे धावू लागला. असे २२ गुण तो खेळला आणि त्यांतले २० जिंकला. मेदवेदेव मागे उभा राहत होता म्हणूनच पुढची जागा मोकळी होती. आयुष्यभर बेसलाइनवर खेळलेल्या माणसाने प्रतिस्पर्ध्याच्या बलस्थानातच फट शोधली. फेडररनेही २०१४मध्ये मोठ्या डोक्याची रॅकेट घेतली आणि २०१७मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, ज्या बॅकहँडवर नदाल वर्षानुवर्षे मारा करत आला होता त्याच बॅकहँडच्या बळावर ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याला नमवले. प्रत्येक आव्हानवीर विजेत्याला एक नवा धडा देऊन जातो, आणि आव्हानवीर अनेक असतात. हा हिशेब तरुणाच्या बाजूने कधीच जुळत नाही.

महिला टेनिसचे चित्र वेगळे आहे, आणि ते बाजूला ठेवणे ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. २०१७मध्ये २३वे विजेतेपद मिळवल्यावर सेरेना विल्यम्स ग्रँड स्लॅमचे चार अंतिम सामने खेळली आणि चारही हरली. तिला हरवणाऱ्यांपैकी नाओमी ओसाका आणि बियान्का आंद्रेस्कू तर तिचेच सामने पाहत वाढलेल्या मुली. सामने तीन सेटचे होते, आणि सेरेना बाळंतपणानंतर परतली होती. यांपैकी कशाचा वाटा किती, हे कुणीतरी नीट वेगळे करून दाखवायला हवे.

गणित, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, शरीरशास्त्र, कुठल्याही दारातून इथे आलात तरी स्वागतच आहे, आणि रोज सकाळी क्लबच्या कोर्टवर खेळणाऱ्यांचे तर विशेष. माझी विनंती एकच. पहिले प्रकरण उघडण्याआधी कार्लोस अल्काराझ आणि जोकोविच यांचे २०२३मधले दोन सामने बघा. फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात एक-एक सेट बरोबरीत असताना वीस वर्षांच्या अल्काराझला पेटके आले. उपचार घेण्यासाठी त्याला एक गेम सोडावा लागला आणि पुढचे दोन्ही सेट त्याने ६-१ असे गमावले. ताणामुळे हे झाले, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट त्याने पुन्हा १-६ असाच गमावला, आणि तरीही सामना जिंकला. त्या सामन्यात तिसऱ्या सेटचा पाचवा गेम सुमारे २६ मिनिटे चालला: ३२ गुण, १३ ड्यूस, सर्व्हिस जोकोविचची, आणि शेवटी ती भेदली अल्काराझने. वही-पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक गुणाला अल्काराझ कुठे उभा होता, चेंडू कोणत्या बाजूला पडला, रॅली किती फटक्यांची झाली आणि ड्रॉप शॉट कुणी आधी काढला, एवढे टिपून ठेवा. पाच आठवड्यांत त्या मुलात नेमके काय बदलले होते, याबद्दल पुढच्या प्रकरणांतल्या लेखकांचे एकमत नाही, आणि तुमच्या नोंदी त्यांच्यापैकी कुणाच्या बाजूने बोलतात हे पाहायची मला उत्सुकता आहे.