पडले की जळले?

सन 1906 च्या एप्रिल महिन्यातील 18 तारीख. पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटे झाली होती आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहर अद्याप अंथरुणातच होते. जेमतेम मिनिटभर धरणी हादरली. विटांच्या भिंती कोसळल्या, लाकडी घरे पायावरून घसरली, धुराडी छपरे फोडून खाली आली. तथापि शहराचा खरा घात केला तो पुढील तीन दिवसांच्या आगीने. जमिनीखालचे नळ फुटल्यामुळे बंबवाल्यांना पाणी मिळेना. हेज व्हॅली भागात एका बाईने तडकलेल्या धुराड्याखाली न्याहारीसाठी चूल पेटवली आणि त्या एका चुलीतून उठलेल्या आगीने वस्त्यामागून वस्त्या गिळल्या. सुमारे 28,000 इमारती नष्ट झाल्या. चार लाख वस्तीच्या त्या शहरात दोन लाखांहून अधिक माणसे उघड्यावर आली.

घरमालकांपाशी भूकंपाचा विमा बहुधा नव्हताच. होता तो आगीचा. त्या विमापत्रांत बारीक अक्षरांत एक कलम असे. इमारत आगीखेरीज अन्य कारणाने पडली, तर ती पडताक्षणी विमा संपुष्टात येई. मग ढिगाऱ्याला आग लागून त्याची राख झाली तरी कंपनी काही देणे लागत नसे. काही विमापत्रांत तर भूकंपाचे नाव घेऊनच जबाबदारी झटकलेली होती. साहजिकच प्रत्येक जळक्या जागेपुढे एकच प्रश्न उभा राहिला : हे घर आधी पडले की आधी जळले? साक्षीला उरली होती ती राख. कित्येकांची विमापत्रे घराबरोबर जळाली होती आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतील दप्तरेही त्याच आगीत गेली होती.

या कलमाची कुणकुण काहींना आग धुमसत असतानाच लागली असावी. सैन्याच्या सिग्नल विभागातील कॅप्टन लेनर्ड वाइल्डमन यांनी नोंदवून ठेवले आहे, की एका बंबवाल्याने त्यांना या भागातले लोक स्वतःच आपली घरे पेटवीत असल्याचे सांगितले. भूकंपाने मोडलेल्या घराची भरपाई मिळत नाही, जळलेल्याची मिळते, असे त्या लोकांच्या कानांवर आले होते. जे घर वाचवण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे हप्ते भरतो, त्यालाच त्याने काडी लावावी, असा तो प्रसंग होता. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण कलमाच्या भाषेने त्यांच्यापुढे दुसरी वाट ठेवली नव्हती.

कंपन्यांचे वर्तन एकसारखे नव्हते. लंडनच्या लॉइड्समधील कथबर्ट हीथ यांनी आपल्या प्रतिनिधीला तार करून, कलमे काही म्हणोत, सर्व विमेदारांना पूर्ण रक्कम देण्यास सांगितले. काही कंपन्या डॉलरमागे पाऊण डॉलर देऊन तडजोडीवर आल्या, काहींनी हात वर केले, काहींचे दिवाळे निघाले. सॅन फ्रान्सिस्कोतीलच फायरमन्स फंड या कंपनीने काही देणे रोखीने आणि काही आपल्या भागांच्या रूपाने फेडले.

यातून पुढे भूकंपाचा विमा आगीपासून निराळा झाला आणि निवड घरमालकाच्या गळ्यात पडली. ही निवड अवघड का, हे विम्याच्या मूळ हिशेबात पाहावे लागते. हजारांतील एखादेच घर जळते, म्हणून उरलेल्यांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते. भूकंप मात्र एका रात्रीत अवघ्या गावाकडून मागणी करवतो. 17 जानेवारी 1994 च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला, तेव्हा विमा कंपन्यांना तोवरच्या अनेक वर्षांत गोळा केलेल्या भूकंप-हप्त्यांच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागली. घरांचा विमा उतरवणाऱ्याला भूकंपाचा विमाही देऊ करणे तेथील कायद्याने आवश्यक होते. तेव्हा बहुतेक कंपन्यांनी नव्या घरांचा विमा उतरवणेच आखडते घेतले. अखेर 1996 मध्ये राज्याने एक वेगळी भूकंप-विमा संस्था उभी केली.

या संस्थेच्या मूळ विमापत्रात विम्याच्या रकमेच्या 15 टक्क्यांइतके पहिले नुकसान घरमालकाने सोसायचे असे. पाच लाख डॉलरांचा विमा असेल, तर पहिले 75,000 डॉलर त्याचे स्वतःचे. धुराडे पडले, भिंतींना भेगा गेल्या, एवढ्यावर एक छदामही हाती येत नसे. घर पायावरून उतरले तरच विम्याचा उपयोग. घर खडकावर आहे की भरावाच्या जमिनीवर, किती जुने आहे, भूभ्रंशापासून किती लांब आहे, यांवर हप्ता ठरतो. लाकडी चौकट पायाला बोल्टांनी जखडली असेल तर सवलत मिळते. कर्ज देणाऱ्या पेढ्या आगीच्या विम्याचा आग्रह धरतात, भूकंपाच्या विम्याचा सहसा धरीत नाहीत. सन 1996 मध्ये विमा असलेल्या तीन घरांपैकी सुमारे एकाला भूकंपाचे संरक्षण होते. पुढील दहा वर्षांत हे प्रमाण आठांत एकापर्यंत उतरले. धरणी स्तब्ध राहिली, एवढेच त्याचे कारण नसावे. हप्त्यांनीही हात भाजले होते.

न्यूझीलंडने ही निवड घरमालकाकडे ठेवलीच नाही. 1942 च्या वैरारापा येथील भूकंपांनंतर तेथे 1944 मध्ये कायदा झाला आणि आगीचा विमा उतरवणाऱ्या प्रत्येकाकडून भूकंपासाठी अधिक आकार घेतला जाऊ लागला. भारतातही 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ या विमापत्रात आगीबरोबर भूकंपही येतो. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीची किंमत तीत धरीत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे ज्यांच्या अंगावर आली, त्यांच्यापुढे मात्र पडले की जळले हा प्रश्नच नव्हता. त्या घरांना आगीचाही विमा सहसा नसे.