वर्गणी आणि गाण्यातली आपली खुर्ची



जोगेश्वरीतल्या आमच्या बचत गटात दर महिन्याला वर्गणी जमते. मुलांची फी, दवाखाना, शिलाई मशीन, सगळं त्यातूनच निघतं. पण गाण्याच्या मैफलीसाठी वर्गणी म्हटली की घरातून प्रश्न येतो, "गाणं ऐकायला पैसे कशाला?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगणार आहोत.

पूर्वी गवयांना संस्थानिकांचा आणि सरदारांचा आश्रय असे. मैफल वाड्यात व्हायची आणि आमंत्रण असेल त्यालाच ती ऐकायला मिळायची. पुढे शहरांत सभासदांच्या बळावर चालणाऱ्या संस्था निघाल्या. १८७० साली कैखुश्रू काबराजी यांनी मुंबईत पारशी मंडळींसह 'गायन उत्तेजक मंडळी' काढली, १८७४ साली 'पूना गायन समाज' निघाला. पंडित भातखंडे १८८४ साली या मंडळीचे सभासद झाले. गाणं आता वाड्याबाहेर पडलं होतं.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कोणा एका राजाच्या मर्जीवर न राहता त्यांनी लोकांच्या मदतीवर आणि जाहीर जलशांवर संस्था चालवली. १९०८ साली ते मुंबईत आले. इथे मोठी इमारत उभी राहिली, पण डोक्यावर कर्ज झालं आणि अखेर त्या कर्जापायी इमारत हातची गेली. आपल्यासारख्या बचत करणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पैसे आधी जमले तर संस्था निर्धास्त चालते. कर्जावर उभी राहिली, तर गुणवान माणसाचीही दमछाक होते.

मग बायकांचं काय? बैठकीत गाणाऱ्या बाईकडे समाज मानाने बघत नव्हता. तिने जाहीर सभागृहात, तिकीट लावून, सन्मानाने गावं, हा पायंडा पाडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकरांचं नाव आधी घ्यावं लागतं. गायिकेला मान मिळाला तशी घरच्या बायकांनाही मैफलीची वाट मोकळी झाली.

विद्यापीठाचं सभागृह आणि वर्गणी यांचंही जुनं नातं आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डला १७४८ साली उघडलेलं हॉलीवेल संगीतगृह लोकांच्या वर्गणीतूनच बांधलं गेलं. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. त्यासाठी ते दारोदार फिरले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते एसएनडीटी झालं. १९३६ साली ते मुंबईत आलं. याच विद्यापीठात डॉ. प्रभा अत्रे संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. चर्चगेटजवळच्या त्याच्या पाटकर सभागृहात अनेक मैफली रंगल्या आहेत. बायकांसाठी काढलेल्या विद्यापीठाचं हे सभागृह, जोगेश्वरीहून एका लोकलच्या अंतरावर!

आता 'हंगामाची वर्गणी' म्हणजे काय? वर्षभराच्या कार्यक्रमांचे पैसे एकदम भरायचे. आयोजकांना कलाकार, ध्वनी, दिवे यांची सोय आधी करता येते, आणि श्रोत्याला एकेका कार्यक्रमाचं तिकीट बहुधा स्वस्त पडतं. आपल्या गटाचा हिशोब याहून वेगळा नाही: आधी थोडं थोडं, मग एकत्र.

म्हणून आम्ही गटापुढे एक सूचना ठेवली आहे. ज्यांना हवं त्यांनी महिन्याला जमेल ती रक्कम वेगळ्या डब्यात टाकावी. कर्जफेडीच्या पैशाला हात लावायचा नाही. रक्कम जमली की चौघी-पाचजणींनी एका हंगामाचे सभासद व्हावं, आळीपाळीने जावं, आणि परतीच्या गाडीची वेळ आधी बघून निघावं. पूर्वी आमंत्रणाशिवाय मैफलीत प्रवेश नव्हता. आता वर्गणी भरली की खुर्ची आपली असते. तिच्यावर बसायला शिकू या.