अंगणातील वायूची विहीर

१/४
यवतमाळ जिल्ह्यातील नेरच्या भूमीखाली काळा बेसाल्ट आहे. तेथे विहिरीला पाणी लागते, नैसर्गिक वायू नव्हे. मात्र गोठ्याशेजारी वायू देणारी विहीर बांधता येते: गोबरगॅसची.

२/४
तिचे मूळ मुंबईत सापडते. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू निर्माण करून दिवे लावले गेले.

३/४
१९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र घडवले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. विहिरीसारख्या खड्ड्यात शेणकाला हवेविना कुजतो, मिथेन साचतो, तरंगती लोखंडी टाकी वर उचलली जाते आणि तिच्याच भाराने वायू शेगडीपर्यंत पोहोचतो.

४/४
चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका करणाऱ्या या ज्योतीचा आरंभ समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांच्या आश्रमात झाला, हे विसरता कामा नये.